कुंडी बदलल्यावर रोप माना का टाकते?

एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या खोलीत पुरेसे ऊन येत नसल्यामुळे त्यांनी टोमॅटो, मिरची आणि वांगी यांची रोपे एलईडी दिव्यांखाली, छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये बियांपासून तयार केली. रोपे पाच आठवड्यांची झाल्यावर त्यांतली काही त्यांनी थेट ३० सेंटीमीटर व्यासाच्या कुंड्यांमध्ये लावली. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात भरले, दुसऱ्या दिवशी द्रवरूप खत दिले आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पाणी चालू ठेवले. चौथ्या दिवशी टोमॅटोच्या तीन रोपांनी माना टाकल्या, मिरचीची खालची पाने पिवळी पडली आणि मातीवर बारीक काळी चिलटे दिसू लागली. ट्रेमधील उरलेल्या रोपांची मुळे आता कप्प्यांच्या छिद्रांतून बाहेर डोकावत आहेत. ते विचारतात : ‘माझे नेमके काय चुकले? माना टाकलेली रोपे वाचतील का? उरलेली रोपे कशी हलवावीत? आणि मुळे लवकर धरावीत म्हणून बाजारात जे टॉनिक मिळते, ते आणावे का?’

सप्रेम नमस्कार.

आपण कुंडीचे माप, मिश्रणाचे प्रमाण, पाण्याच्या वेळा असे सर्व तपशील दिले आहेत, त्यामुळे अंदाजाने बोलण्याची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. रोपे हलवताना मुळे दुखावली गेली असावीत, अशी शंका आपण पत्रात दोनदा व्यक्त केली आहे. ती काही अंशी खरीही आहे, कारण मुळांना अजिबात धक्का न लागता रोप हलवणे कोणालाच जमत नाही. परंतु तेवढ्या इजेतून रोपे सहसा सावरतात. आपल्या रोपांना सावरू दिले नाही ते त्यानंतर पडलेल्या पाण्याने, आणि ते पाणी धरून ठेवणाऱ्या मोठ्या कुंडीने.

रोप उपटून दुसरीकडे लावले जाते तेव्हा काय घडते, हे आधी पाहू. मुळांच्या टोकांच्या थोडे मागे मूलरोमांचा पट्टा असतो. एकेका पेशीच्या लांबट वाढीतून बनलेले हे तंतू मातीच्या कणांना चिकटून असतात आणि मूळ जे पाणी शोषते, त्यात त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांचे आयुष्य मुळातच थोड्या दिवसांचे असते. रोप हलवताना मातीचा गोळा फुटला की ते मोठ्या संख्येने तुटतात. पाने मात्र पूर्वीइतकीच असतात आणि दिव्याखाली पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडत राहतात. खर्च तेवढाच राहून आवक घटली की पेशींमधील दाब उतरतो आणि पाने झुकतात. याचा अर्थ असा की नव्या कुंडीतले रोप माती ओलीचिंब असतानाही झुकू शकते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ते झुकलेच, तर त्यात काळजीचे फारसे कारण नसते. तुटलेल्या मूलरोमांच्या जागी नवे येतात, मुळांना नव्या शाखा फुटतात आणि तोल पुन्हा जुळतो.

मात्र नवी मुळे फुटण्यासाठी पाण्याइतकीच हवाही लागते. मूळ श्वसन करते आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याला मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर ऑक्सिजन मुळापर्यंत पोहोचण्याचा वेग कमालीचा मंदावतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेले मूळ वाढत नाही, पाणीही नीट शोषत नाही, आणि त्यामुळे रोप अधिकच झुकते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो. याच ओल्या, हवा नसलेल्या मिश्रणात पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांचे फावते आणि ते कोवळी मुळे कुजवू लागतात. आपल्या कुंड्यांमध्ये चौथ्या दिवसापर्यंत बहुधा हेच चक्र सुरू झाले होते.

म्हणून झुकलेले रोप पाहिल्याबरोबर झारी उचलू नये. आधी रोप कोणत्या वेळी झुकते, ते पाहावे. दिवे लागून काही तास झाल्यावर पाने मलूल होत असतील आणि दिवे बंद झाल्यावर पुन्हा ताठ होत असतील, तर तो स्थलांतराचा साधा ताण आहे आणि तो आपोआप ओसरेल. उलट, रात्रभर अंधारात राहूनही सकाळी रोप झुकलेलेच असेल, कुंडी हाताला जड लागत असेल आणि बोट दोन-तीन सेंटीमीटर खुपसल्यावर माती चिकट, गार लागत असेल, तर मुळे गुदमरत आहेत असे समजावे. कुंडी हलकी लागत असेल आणि बोटाला कोरडेपणा जाणवत असेल, तरच ती तहान होय. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय एकदा लागली की ओलावा मोजण्याच्या स्वस्त उपकरणांची गरज उरत नाही. ती उपकरणे कोकोपीटमध्ये बऱ्याचदा दिशाभूलच करतात, असे माझे मत आहे.

आता कुंडीच्या मापाबद्दल. आपल्या ट्रेमधील एका कप्प्यात जेमतेम ५० मिलिलिटर मिश्रण मावत असेल. ३० सेंटीमीटरच्या कुंडीत ते साधारण १५ लिटर मावते. म्हणजे रोपाची मुळे मुठीएवढ्या जागेतून पाणी घेणार आणि भोवतीचे उरलेले सारे मिश्रण कोणाच्याही उपयोगी न पडता दिवसेंदिवस ओले राहणार. लहान कुंडीत मुळे पाणी ओढून घेतात, त्या जागी हवा शिरते, मग पुन्हा पाणी दिले जाते, आणि ओल-कोरडीच्या या फेऱ्यांमधूनच मुळे कुंडीभर पसरतात. मोठ्या कुंडीत ही फेरी पूर्णच होत नाही. यासाठी रोपे टप्प्याटप्प्याने हलवणे श्रेयस्कर असते : ट्रेमधून सुमारे १० सेंटीमीटर व्यासाच्या, अर्ध्या लिटरच्या आसपास मिश्रण मावेल अशा कुंडीत, आणि तिथे मुळे कडेपर्यंत पोहोचल्यावर शेवटच्या मोठ्या कुंडीत. थेट मोठ्या कुंडीत रोप लावून ते यशस्वी करणारेही पुष्कळ आहेत, पण ते पहिले दोन-तीन आठवडे खोडाभोवतीच्या वीतभर वर्तुळातच बेताने पाणी देतात. हा संयम सकाळ-संध्याकाळ पाणी घालणाऱ्या हाताला पाळता येणे कठीण आहे, हे आपण मला मोकळेपणाने सांगू द्याल अशी आशा आहे.

तळाशी खडी घालण्याचा सल्ला आपल्याला अनेकांनी दिला असेल, कारण तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यामागची समजूत अशी की पाणी खडीत उतरते आणि माती मोकळी राहते. प्रत्यक्षात बारीक कणांच्या थराखाली जाड कणांचा थर आला, तर वरचा थर जवळजवळ तुडुंब भरेपर्यंत पाणी खालच्या थरात उतरतच नाही, कारण बारीक पोकळ्या पाण्याला अधिक घट्ट धरून ठेवतात. कुंडीच्या तळाशी एरवीही काही सेंटीमीटर उंचीचा संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला, थर राहतोच. खडी टाकल्याने तो नाहीसा होत नाही, फक्त खडीच्या उंचीइतका वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ, सरकतो. भांडी घासण्याचा स्पंज भिजवून आडवा धरला आणि त्यातून पाणी गळायचे थांबल्यावर तो उभा केला, तर आणखी पाणी गळते, हे आपण पाहिले असेल. स्पंज तोच असतो, पाण्याच्या स्तंभाची उंची तेवढी वाढलेली असते. कुंडीतही हेच तत्त्व चालते : मिश्रणाची उंची जितकी अधिक, तितका निचरा चांगला, आणि खडी ही उंचीच कमी करते. छिद्रांतून माती वाहून जाईल अशी भीती असेल, तर तळाशी जाळीचा किंवा कापडाचा एक तुकडा पुरेसा आहे. छिद्रे मात्र भरपूर असावीत आणि खालच्या बशीत पाणी साचून राहू देऊ नये.

मिश्रणातही थोडी दुरुस्ती हवी. गांडूळखत उत्तम असले, तरी ते बारीक कणांचे, पाणी धरून ठेवणारे आणि विद्राव्य क्षार बाळगणारे असते. त्याचे प्रमाण निम्मे झाले की कोवळ्या मुळांना हवाही कमी पडते आणि क्षारांचाही त्रास होतो. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके, पांढरे दाणे) हे प्रमाण या तिन्ही पिकांच्या रोपांना मानवते. पर्लाइट मिळाले नाही, तर धुतलेली जाडसर वाळू किंवा भाताचा तूस चालेल, पण बारीक वाळू नको, कारण ती पोकळ्या उघडण्याऐवजी बुजवते. कोकोपीटबद्दल एक गोष्ट पाकिटावर क्वचितच लिहिलेली असते. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार नैसर्गिकरीत्या बरेच असतात आणि कोकोपीटच्या कणांवर कॅल्शियम धरले जाऊन ते रोपाला कमी पडू शकते. म्हणून धुतलेले असल्याची खात्री नसेल, तर कोकोपीटची वीट भिजवून फुगल्यावर ती दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवून पिळून घ्यावी. मिश्रण तयार झाल्यावर मूठभर हातात घेऊन दाबावे : बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडून ढकलल्यावर गोळा सहज फुटावा. धार लागली तर मिश्रण फार ओले आहे, आणि गोळाच बनला नाही तर कोरडे. ताजे शेणखत या वयाच्या रोपांच्या जवळपासही आणू नये. ते कुजताना निघणारा अमोनिया मुळे भाजून काढतो. बागेतील निव्वळ मातीही छोट्या कुंडीत नको, कारण ती पाण्याने दबून घट्ट होते आणि रोपे कोलमडवणारी बुरशी तिच्यासोबत घरात येते.

ट्रेमध्ये उरलेल्या रोपांबद्दल आपण लिहिले आहे की त्यांची मुळे छिद्रांतून बाहेर आली आहेत. त्यांना हलवण्याची वेळ किंचित टळून गेली आहे, पण बिघडले काही नाही. साधारणपणे बीजदलांनंतर (बी उगवताना प्रथम दिसणाऱ्या दोन पानांनंतर) खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या आणि खालून ढकलल्यावर मिश्रणाचा गोळा न विस्कटता मुळांसह सबंध बाहेर आला, की रोप तयार झाले असे मानावे. त्याआधी घाई केली तर गोळा हातात फुटतो. फार उशीर केला तर मुळे कप्प्याच्या आकाराची वेटोळी घालतात आणि नव्या कुंडीत गेल्यावरही जुन्याच वळणाने फिरत राहतात. वयाचे आठवडे मोजण्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे, कारण मिरचीचे रोप टोमॅटोच्या मानाने सावकाश वाढते आणि एकाच दिवशी पेरलेली दोन्ही रोपे एकाच दिवशी तयार होतीलच असे नाही.

प्रत्यक्ष हलवण्याच्या कामासाठी दिवे बंद होण्यापूर्वीचा तासभर निवडावा, म्हणजे रोपाला सावरण्यासाठी लगेच अंधाराचे आठ-दहा तास मिळतात. त्याच्या एक-दोन तास आधी ट्रेला पाणी द्यावे. ओलसर गोळा अखंड निघतो, कोरडा ठिसूळ होऊन गळून पडतो आणि नुकताच भिजवलेला चिखलासारखा लोंबतो. नव्या कुंडीतील मिश्रणही आधीच ओलसर असावे. कोरडे मिश्रण भरून त्यावर पाणी ओतले, तर पाणी कडेने वाहून जाते, मधला भाग तसाच कोरडा राहतो आणि खालून पाणी गळताना पाहून आपला समज होतो की सारे भिजले.

रोप कप्प्यातून काढताना खोडाला धरून ओढू नये, ही सूचना आपल्याला विशेष करून, कारण पत्रात आपण ‘अलगद उपसून काढले’ असे लिहिले आहे. खालून बोटाने किंवा पेन्सिलीच्या बोथट टोकाने गोळा वर ढकलावा आणि आधार म्हणून एखादे पान किंवा बीजदल चिमटीत धरावे. पान फाटले तर रोप दुसरे पान आणील. खोडातील वाहिन्या एकदा चिरडल्या तर त्यांना पर्याय नाही. रोपाला खोड एकच असते. गोळ्याच्या तळाशी मुळांची वेटोळी दिसली, तर ती बोटांनी हलकेच मोकळी करून खाली सोडावीत. एखाद-दुसरे मूळ त्यात तुटले तरी चालेल, तुटलेल्या टोकामागून नव्या शाखा फुटतात. कागदी किंवा पीटच्या कपात वाढवलेले रोप असेल, तर कपाची कड मातीच्या वर उरू देऊ नये, कारण ती वातीप्रमाणे आतील ओल शोषून हवेत उडवत राहते. जाळीच्या आवरणातील कोकोच्या गोळ्या वापरल्या असतील, तर जाळी कात्रीने कापून काढावी.

किती खोल लावावे, या प्रश्नाला तिन्ही पिकांसाठी एकच उत्तर देता येत नाही. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की त्यावर नवी मुळे फुटतात, म्हणून आपली उंच, किडकिडीत झालेली टोमॅटोची रोपे बीजदलांच्याही वरपर्यंत, वरची पानांची एक-दोन मंडले बाहेर राहतील इतकी खोल लावता येतात. जो भाग गाडला जाणार आहे, त्यावरची पाने आधी काढून टाकावीत, नाहीतर ती मातीत कुजतात. मिरची आणि वांगे यांच्यात हा गुण फार कमी असतो. त्यांना पूर्वीच्याच पातळीवर, फार तर बीजदलांच्या किंचित खालपर्यंत लावावे आणि खोड लवचिक वाटत असेल तर बारीक काडीचा आधार द्यावा. त्यांना टोमॅटोप्रमाणे गाडले, तर खोडाचा मातीतला भाग ओला राहून मानेशी कुजण्याचा धोका असतो. लावून झाल्यावर माती अंगठ्याने ठासू नये. कुंडी टेबलावर दोन वेळा आपटली आणि एकदा सावकाश पाणी दिले की मिश्रण आपोआप बसते.

हे पहिले पाणी मात्र पोटभर द्यावे, छिद्रांतून बाहेर येईपर्यंत, कारण जुना गोळा आणि नवे मिश्रण यांच्यामधली फट त्यानेच भरून निघते. ही फट राहिली, तर भोवतालचे मिश्रण ओले असूनही गोळा आतल्या आत वाळतो. त्यानंतर पुढचे पाणी कुंडी लक्षणीय हलकी झाल्यावरच. ते दोन दिवसांनी असेल की पाच, हे खोलीची उष्णता, हवेतील दमटपणा आणि रोपाचा आकार यांवर ठरेल, म्हणून वार ठरवून पाणी देण्याचा नेम सोडून द्यावा.

पुढचे दोन-तीन दिवस रोपाचा पाण्याचा खर्च कमी करणे एवढेच आपले काम आहे. दिवे थोडे उंच करावेत किंवा त्यांची तीव्रता कमी करावी, पंखा चालू असल्यास त्याचा झोत रोपांवरून हटवावा आणि खोलीचे तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवता आले तर ठेवावे. मिरचीला आणि वांग्याला मुळाशी ऊब आवडते; कुंड्या थंड फरशीवर असतील, तर त्यांच्याखाली लाकडी फळी किंवा थर्माकोल सरकवावा. पाने ताठ राहू लागली की दिवे पूर्ववत करावेत. किंबहुना, तेव्हा ते पूर्वीपेक्षा जवळ आणावेत. आपली रोपे लांबुडकी झाली त्याचे कारण प्रकाश अपुरा पडला हेच आहे. रोपाला सावलीत असल्यासारखे वाटले की ते पानांवरचा खर्च थांबवून खोड ताणते. दिवसाला १४ ते १६ तास प्रकाश आणि उरलेला वेळ अंधार असे वेळापत्रक ठेवावे, दिवसरात्र दिवे लावून ठेवू नयेत. टोमॅटोची पाने सततच्या प्रकाशात पिवळी पडून खराब होतात. रोपे सावरल्यानंतर पंख्याची अगदी मंद झुळूक दिवसातून काही तास द्यावी. हवेने सतत थोडे हलत राहणारे खोड आखूड आणि जाड होते, हे वनस्पतिशास्त्रात चांगले अभ्यासले गेले आहे.

खत दुसऱ्याच दिवशी देणे ही आपली कृती चांगल्या हेतूची असली, तरी तिने मुळांचे काम वाढवले. मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळाला ते पाणी ओढून घेणे अवघड होते, आणि क्षारांची मात्रा फारच वाढली तर पाण्यात उभे असलेले मूळही तहानलेले राहते. गांडूळखतातच या वयाच्या रोपाला पुरेल इतके अन्न होते. नवे पान फुटलेले दिसेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, काहीही देऊ नये. त्यानंतर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या भागाने सुरुवात करावी आणि पुढे निम्म्यापर्यंत जावे.

टॉनिकबद्दलचे माझे उत्तर थोडक्यात ‘आणू नका’ असे आहे. मुळांसाठीच्या अनेक टॉनिकांमध्ये जीवनसत्त्व ब-१ असते. या समजुतीचा उगम १९३० च्या दशकातील प्रयोगशाळांमध्ये सापडतो : अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स बॉनर यांनी वाटाण्याची रोपापासून कापून वेगळी केलेली मुळे पोषक द्रावणात वाढवली, तेव्हा ब-१ घातल्याने ती वाढतात असे दिसून आले. कापलेल्या मुळाला ते बाहेरून द्यावे लागले, कारण त्याला पाने नव्हती. पाने असलेले रोप हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते आणि मुळांकडे पाठवते. अख्ख्या रोपांना ते बाहेरून दिल्याने स्थलांतराचा ताण कमी होतो, असे नंतरच्या चाचण्यांमधून दिसले नाही. अशा बाटलीत ब-१ सोबत खतही असते आणि रोपावर काही परिणाम दिसलाच, तर तो बहुधा त्या खताचा असतो. ते पैसे पर्लाइटवर खर्च करावेत.

मिरचीची जी ‘खालची पाने’ पिवळी पडली आहेत, ती नीट पाहावीत. सर्वांत खालची, गुळगुळीत कडांची, जोडीने असलेली दोन पाने म्हणजे बीजदले असतील, तर त्यांचे काम संपत आले आहे आणि ती गळणारच आहेत. त्यांच्या वरची खरी पानेही पिवळी होत असतील, तर पाणी कमी करणे हाच उपाय आहे. नत्राच्या कमतरतेनेही खालची पाने पिवळी पडतात हे खरे, पण निम्मे गांडूळखत आणि वर द्रवखत मिळालेल्या रोपाला नत्र कमी पडण्याचा संभव नाही. मुळे गुदमरलेली असताना मातीत असलेले नत्रही रोपाला घेता येत नाही आणि लक्षणे तीच दिसतात. अशा वेळी खत वाढवले तर नुकसान दुप्पट होते.

काळी चिलटे हीदेखील त्याच ओलीची तक्रार आहे. ही चिलटे मातीच्या वरच्या ओल्या थरात अंडी घालतात; त्यांच्या अळ्या बुरशी आणि कुजणारे सेंद्रिय द्रव्य खातात, आणि संख्या वाढली की कोवळी मुळेही कुरतडतात. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती प्रत्येक पाण्याआधी सुकू दिली की त्यांची पैदास मंदावते. उडणारी चिलटे पकडण्यासाठी पिवळे चिकट सापळे मातीजवळ लावावेत. एवढ्याने भागले नाही, तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस जीवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार पाण्यातून द्यावा. तो अळ्यांवर काम करतो आणि खोलीत राहणाऱ्या माणसांना त्याचा उपद्रव नाही. घरात, बंद खोलीत, कोवळ्या रोपांवर रासायनिक कीटकनाशक फवारण्याच्या मी पूर्णपणे विरोधात आहे.

राहिली माना टाकलेली टोमॅटोची तीन रोपे. त्यांचे खोड मातीच्या पातळीवर दोन बोटांत धरून पाहावे. तिथे ते आवळल्यासारखे बारीक, तपकिरी आणि मऊ झाले असेल, तर तो मर रोग आहे. बुंध्याशी कुजलेले खोड सांधले जात नाही, म्हणून असे रोप मिश्रणासकट बाहेर टाकावे आणि ती कुंडी साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. खोड टणक असेल, तर रोप गोळ्यासह बाहेर काढून मुळे पाहावीत. पांढरी, ताठ मुळे निरोगी असतात. तपकिरी, आणि ओढल्यावर सालीसारखे आवरण निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरणारी मुळे कुजलेली असतात. अर्ध्याहून अधिक मुळे पांढरी असतील, तर कुजलेली तेवढी कापून रोप ताज्या मिश्रणात, १० सेंटीमीटरच्या कुंडीत लावावे आणि दोन-तीन दिवस मंद प्रकाशात ठेवावे.

मुळे जवळजवळ सगळी गेली असतील, पण शेंडा अजून हिरवा असेल, तर टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक वाट उरते. शेंड्याकडचा आठ-दहा सेंटीमीटरचा भाग स्वच्छ ब्लेडने कापावा. कापलेली जागा फिकट हिरवी आणि रसरशीत दिसली पाहिजे. आत तपकिरी कडे दिसले, तर आणखी वर कापून पाहावे. खालची पाने काढून हा शेंडा ओलसर कोकोपीट-पर्लाइटमध्ये खोचावा आणि हवा जाण्यापुरती छिद्रे असलेली पारदर्शक पिशवी वर ठेवावी. एक-दोन आठवड्यांत खोडाला नवी मुळे फुटतात. मिरचीच्या बाबतीत हे इतक्या सहज होत नाही, तेव्हा तिथे हा प्रयोग करून निराश होऊ नये.

शिल्लक रोपे १० सेंटीमीटरच्या कुंड्यांमध्ये गेल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी कुंडी हलकेच उलटी करून गोळा तपासावा. कडेने पांढऱ्या मुळांची जाळी दिसू लागली की आपल्या त्या ३० सेंटीमीटरच्या कुंड्या, खडी काढून टाकून, कामी आणाव्यात. टोमॅटोला आणि वांग्याला त्या योग्य मापाच्या आहेत. मिरचीचे बहुतेक वाण आठ-दहा लिटरच्या कुंडीतही समाधानाने वाढतात. रोपे तिथेही दिव्यांखालीच राहणार असतील, तर दिव्यांची उंची बदलण्याची सोय आताच करून ठेवावी. ती पुढे खिडकीबाहेर किंवा गच्चीवर जाणार असतील, तर आधी सात ते दहा दिवस रोज थोडा-थोडा वेळ बाहेर ठेवून उन्हाची आणि वाऱ्याची सवय लावावी, पहिल्या दिवशी सावलीत तासाभराहून अधिक नको. कुंडी भरताना वरून दोन-तीन सेंटीमीटर जागा रिकामी सोडावी, म्हणजे पाणी देताना ते कडेवरून ओघळून न जाता सगळे आत मुरते.